गिमिल्यो आणि तिथली कालवरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला येणारी आपली मंडळी पॅरिस करतात, फार तर मों सँ मिशेलपर्यंत येतात आणि तिथूनच माघारी फिरतात. त्याच्याही पुढे, पार पश्चिमेच्या टोकाकडे जायचं मनात असलेले काही जण मात्र गिमिल्योबद्दल सतत विचारत असतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, घोळाचे पुढे. ज्याला जे हवं तेवढंच वाचलं तरी चालेल.

१. गिमिल्यो नेमकं कुठे आहे? गाव आहे की शहर?

गावच. वस्ती हजाराच्या आसपास. फ्रान्सचा जो भाग अटलांटिक महासागरात नाकासारखा पुढे आला आहे तो ब्रिटनी, त्यातला टोकाचा जिल्हा फिनिस्तेर आणि त्याच्या उत्तरेकडचा जुना मुलूख लेओं. तिथे मोर्ले आणि लांदिविझ्यो या दोन लहान शहरांच्या मधे गिमिल्यो येतं. लांदिविझ्योपासून आठेक किलोमीटर, ब्रेस्ट बंदरापासून साधारण पन्नासच्या आत. आजूबाजूला मका, भाजीपाला, कुरणं आणि डुकरांची मोठमोठी फार्मं. वारा त्या बाजूने आला की त्यांचा वास थेट चर्चच्या दारापर्यंत येतो. पोस्टकार्डात हे कळत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

२. एवढ्याशा गावात पाहायचं काय?

चर्चचं आवार. फ्रेंचमध्ये त्याला ‘आंक्लो पारवासियाल’ म्हणतात. दगडी कुंपणभिंत, कमानीचं प्रवेशद्वार, आत चर्च, समोर मूर्तींनी भरलेली कालवरी, बाजूला जुन्या थडग्यांतली हाडं ठेवायचं अस्थिघर आणि या सगळ्यामधल्या मोकळ्या जागेत पूर्वी गावाची दफनभूमी. ब्रिटनीत, विशेषतः लेओंमध्ये, अशी आवारं बरीच आहेत. गिमिल्योचं त्यांतलं सर्वांत दाट. बस थांबते त्या चौकातून पाहिलं तर एक गावठी चर्च आणि दगडांचा ढीग दिसतो. त्या ढिगात दोनशे माणसं आहेत हे जवळ गेल्यावर कळतं.

गावाच्या हद्दीत रेल्वेचा दगडी कमानींचा जुना पूलही आहे. १८६५ मध्ये पॅरिसची गाडी ब्रेस्टपर्यंत पोहोचली, त्या मार्गावरचा. पण निव्वळ त्याच्यासाठी कुणी येत नाही आणि यावं असंही नाही.

३. कालवरी म्हणजे क्रूसच ना?

सुरुवात क्रूसापासूनच. येशूला ज्या टेकडीवर क्रुसावर चढवलं ती कालवरी, आणि तिची दगडी प्रतिकृतीही कालवरीच. ब्रिटनीत रस्त्याच्या तिठ्यांवर एकटे दगडी क्रूस हजारोंनी आहेत. त्यांतल्या काहींच्या पायथ्याशी येशूची आई मरिया आणि शिष्य योहान उभे राहिले, मग सैनिक आले, मग घोडेस्वार आणि शेवटी एखाद्या चौथऱ्यावर येशूचं सगळं चरित्रच मांडलं गेलं. एवढ्या मोठ्या कालवऱ्या मोजक्याच आहेत. त्रोनोएनची सर्वांत जुनी, पंधराव्या शतकातली. मग गेएनो, प्लूगोंव्हेन, प्लेबेन, गिमिल्यो, प्लूगास्तेल-दाऊलास आणि सर्वांत शेवटची १६१० ची सँ-तेगोनेक.

उपयोग अगदी रोखठोक होता. गावकऱ्यांना वाचता येत नव्हतं आणि प्रार्थना लॅटिनमध्ये. धर्मगुरू लोकांना कालवरीभोवती उभं करून एकेक प्रसंग दाखवत त्यांच्या भाषेत समजावून सांगायचे.

४. शेतकऱ्यांच्या गावात एवढा पैसा आला कुठून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. राजाने दिला असेल, बिशपने दिला असेल, एखाद्या सरदाराचा नवस असेल, असे अंदाज लोक आपणच बांधतात. पैसा अळशीचा होता. म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचा, ज्याच्यापासून लिनन होतं.

लेओंची हवा दमट, उन्हाळा सौम्य, पाण्याचे ओहोळ जागोजागी. हे पीक तिथे छान येई. फक्त बियाणं घरचं चालत नसे, पीक उतरत जाई, म्हणून ते बाल्टिक समुद्राकडून जहाजाने रोस्कॉफ बंदरात येई. वसंतात पेरणी, उन्हाळ्यात काढणी. रोपं कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा लांब मिळतो. मग ती पाण्यात कुजवायची, सुकवायची, ठेचायची, विंचरायची, हिवाळ्यात घरोघरी सूत काढायचं. लेओंची खासियत पुढे होती : कापड विणण्याआधी इथे सूतच धुऊन पांढरं करत. त्यासाठी ओढ्याकाठी ‘कान्दी’ नावाची छोटी दगडी घरं असत. आत मोठी चूल, लाकडाच्या राखेचं क्षारपाणी आणि वाहत्या पाण्याचे हौद. सूत राखेच्या पाण्यात वाफवायचं, हौदात खळबळायचं, बाहेर गवतावर पसरायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. त्या सुताच्या कापडाला ‘क्रे’ म्हणत. ते मोर्ले आणि लांदेर्नोच्या व्यापाऱ्यांमार्फत इंग्लंडला आणि पुढे स्पेनला जाई.

या धंद्यावर शेतकऱ्यांचा एक वर्ग गब्बर झाला. त्यांना जुलोद म्हणत. शेतही करायचे, कापडाचा व्यापारही करायचे, सोयरिकी आपसांतच करायचे. सरदार नव्हते, पण कुणापुढे वाकायचं कारणही उरलं नव्हतं. चर्चचा कारभार पाहणारं गावचं मंडळ असे, ‘फाब्रिक’ नावाचं. त्यावर हीच माणसं. दान, मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा, जमिनीचं भाडं यांचा हिशेब तीच ठेवत आणि शिल्पकार-सुतारांशी करारही तीच करत.

त्यात शेजारच्या गावाशी चुरस. सँ-तेगोनेकने १५८७ मध्ये भव्य प्रवेशद्वार उभारलं, त्याच सुमारास गिमिल्योत कालवरी घडत होती. गिमिल्योची झाली, तर १६१० मध्ये सँ-तेगोनेकने आपली केली. गिमिल्योत १६७७ मध्ये नवं प्रवचनपीठ आलं, सँ-तेगोनेकचं १६८३ चं आहे आणि ते अधिकच नक्षीदार. भक्ती होतीच, कोण नाकारतंय, पण ‘त्यांच्यापेक्षा आमचं’ हेही त्या दगडात आहेच.

मग सगळं थंडावलं. १६८९ पासून फ्रान्स आणि इंग्लंड लढाईत गुंतले, इंग्लंडने फ्रेंच माल बंद केला आणि लेओंच्या कापडाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. स्पेनकडचा व्यापार पुढेही चालला, पण आधीची सुबत्ता परतली नाही. गिमिल्योचं शेवटचं मोठं बांधकाम १६८३ चं आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढच्या काळात जुनं पाडून नवं बांधायला पैसा राहिला नाही. आज आपल्याला जे जसंच्या तसं दिसतं, त्यात या ओढगस्तीचा वाटा मोठा आहे.

५. दोनशे मूर्ती बघायला सुरुवात कुठून करायची? क्रम काय?

क्रम शोधू नका, नाही तर वैतागाल. येशूच्या बालपणाचे प्रसंग आणि त्याच्या अखेरच्या दिवसांतले प्रसंग एकमेकांना खेटून लावलेले आहेत. मरियेला देवदूताचा संदेश, गाईगुरांमधला जन्म, तीन राजे, इजिप्तकडे पलायन, बाप्तिस्मा, शेवटचं भोजन, पाय धुणं, अटक, फटके, पिलाताचं हात धुणं, क्रूस वाहून नेणं, दफन, पुनरुत्थान, सगळं आहे, पण गोष्टीच्या ओळीने नाही. का, याचे तर्क पुष्कळ आहेत. मला त्यांतला एकही पटत नाही, म्हणून सांगत बसत नाही.

रचना अशी : खाली अष्टकोनी चौथरा, त्याला चार कोपऱ्यांवर कमानदार धिरे. त्या धिऱ्यांवर चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे. चौथऱ्याच्या भिंतीवर मूर्तींचा एक पट्टा, वरच्या सपाटीवर मूर्तींची दुसरी गर्दी आणि मधोमध उंच गेलेला एकच क्रूस. त्याच्या खांबावर काट्यांसारख्या गाठी आहेत. सोबतच्या दोन चोरांचे क्रूस इथे नाहीत.

मी सुचवीन की आधी लांबून एक पूर्ण फेरी मारा, मग भिंतीला लागून दुसरी. दुसऱ्या फेरीत चेहरे सोडा आणि कपडे पाहा. पॅलेस्टाइन वगैरे काही नाही. फुगीर चोळणे, गळ्याशी चुणीदार पट्ट्या, टोप्या, कंबरेला तलवारी. तिसऱ्या हेन्रीच्या, म्हणजे १५७४ ते १५८९ च्या काळातला पेहराव. बनवणाऱ्यांनी जी माणसं रोज पाहिली तीच त्यांनी कोरली. शिल्पकलेच्या तराजूत तोललं तर अंगं आखूड, डोकी मोठी, हात फावड्यासारखे. प्लेबेनची कालवरी जास्त डौलदार आहे. पण इथे कुणीही नुसता उभा नाही. प्रत्येक जण काही तरी करतो आहे, ओढतो आहे, ढकलतो आहे, कुणाच्या खांद्यावरून डोकावतो आहे. पाय धुण्याच्या प्रसंगापाशी थांबा. पंढरपूरच्या दर्शनबारीत पुढे काय चाललंय ते पाहायला माना वर होतात ना, तशी ती दाटी आहे.

६. राक्षस ज्या बाईला ओढतायत ती कोण? बायबलमध्ये तर अशी कुणी नाही.

बरोबर, ती बायबलमधली नाहीच. ती कातेल गोलेत, म्हणजे वाया गेलेली कातेल. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगाच्या वर पाहा. नरकाचा जबडा उघडा आहे आणि त्याच्या तोंडाशी भुतं एका नग्न तरुणीला फाडतायत.

तिच्या दोन कथा सांगतात. एकीत ती ला रोश-मोरीसच्या जहागीरदाराची सोळा वर्षांची देखणी भाची. लग्नाचा आग्रह झाला तेव्हा तिने अट घातली की माझ्यासोबत सलग बारा तास नाचेल त्याच्याशीच करीन. एकामागून एक तरुण नाचता नाचता मेले. मग एक अनोळखी पाहुणा आला, त्याच्या वाजंत्र्याने अशी धून धरली की कातेलला थांबता येईना. पाहुणा सैतान होता. दुसऱ्या कथेत ती कन्फेशनमध्ये आपली पापं लपवते आणि वर कम्युनियनची पवित्र भाकर चोरून सैतानाच्या हवाली करते. धर्मगुरूंना ही दुसरी कथा कामाची वाटली असणार, उघड आहे. तीच बाई प्लूगास्तेल-दाऊलासच्या कालवरीवरही आहे.

एक तक्रार नोंदवते. बहुतेक पाहुणे थेट कातेलपाशी जातात, फोटो काढतात आणि निघतात. नाचणाऱ्या पोरीला मिळालेली शिक्षा बघायला गर्दी आणि तिच्यासोबत नाचणाऱ्या पोरांचं नावही नाही, हा जुनाच खेळ.

७. चारशे वर्षं उघड्यावर, तेही ब्रिटनीच्या पावसात. मूर्ती झिजल्या कशा नाहीत?

केरसांतों नावाच्या दगडामुळे. ब्रेस्टच्या खाडीच्या काठी तो मिळतो. काळपट राखाडी, बारीक कणांचा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, छिन्नीला मानवतो, आणि हवा लागली की वर्षागणिक टणक होत जातो. पापणीची कडा, दोरीचा पीळ, चिलखताच्या कड्या हे सगळं त्यात कोरता येतं आणि टिकतंही. बांधकामाचा मोठा भाग साध्या ग्रॅनाइटचा आहे. तो रवाळ आणि फिकट, त्यामुळे दोन्ही दगड डोळ्यांना सहज वेगळे कळतात. मूर्तींवर पिवळे-पांढरे डाग दिसतात ती दगडफुलं, रंग नव्हे. बोटाने खरवडून पाहू नका.

८. गावाचा संत मिल्यो कोण होता?

आख्यायिकेतला राजा. सहाव्या शतकात ब्रिटनीच्या कोर्नवाय भागावर राज्य करत होता म्हणतात. भाऊ रिव्हो याने गादीसाठी त्याचं डोकं उडवलं. मिल्योचा मुलगा मेलार तेव्हा लहान होता. त्याने पुढे राज्य मागू नये म्हणून काकाने त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडला. मुलाला चांदीचा हात आणि पितळेचा पाय लावला, तर ते खऱ्यासारखे चालू लागले. तोही संत झाला. नारायणराव पेशव्यांच्या गोष्टीवर वाढलेल्यांना काका-पुतण्याचं नवल वाटायला नको. यात इतिहास किती, हे विचारू नये. ब्रिटनीतल्या शेकडो संतांना रोमने कधी रीतसर मान्यता दिलेली नाही. लोकांनी दिली, तेवढं त्यांना पुरलं.

मिल्यो दक्षिण दरवाजाच्या माथ्यावर आहे, आत त्याच्या नावाची वेदी आहे आणि तिच्यामागच्या कोरीव फळीवर त्याचं चरित्र प्रसंगांमध्ये मांडलेलं आहे.

९. वेळ कमी असेल तर चर्चच्या आत काय चुकवू नये?

आत शिरण्याआधीच थांबा. दक्षिणेची देवडी १६०६ सालची, आणि कमानीच्या पट्ट्यांवर बारीक बारीक बायबलचे प्रसंग. आदाम-हव्वा, नोहाची नाव, द्राक्षारस पिऊन लोळलेला नोहा. आत दोन्ही बाजूंना प्रेषित, म्हणजे येशूचे निवडक शिष्य, रांगेने उभे. देवडीच्या बाहेर डाव्या हाताला, तीर्थाच्या पात्राच्या वर, आदामाच्या बरगडीतून हव्वेची निर्मिती आहे. लोक पात्रात बोट बुडवतात आणि वर न बघता आत जातात.

आत गेल्यावर डोळ्यांत भरतं ते १६७५ चं बाप्तिस्म्याचं कुंड. कुंड साधं दगडी, पण त्याच्यावर ओकच्या लाकडाचं छत्र, आठ पिळाचे खांब आणि त्या खांबांवर चढलेल्या वेली. जवळून पाहिलं तर लाकडाला बोट टेकवायला मोकळी जागा सापडत नाही. १६७७ चं प्रवचनपीठही ओकचंच. वेदीमागे १५९९ ची काचचित्रं आहेत. तिन्ही मोठ्या वेद्यांच्या फळ्यांपैकी मला संत योसेफची आवडते. तिच्यात वकिलांचे पालक संत इव्ह एका श्रीमंताच्या आणि एका गरिबाच्या मधे उभे आहेत, आणि आंधळे संत हेर्व्हे आपल्या लांडग्यासह आहेत.

मखमलीवर भरतकाम केलेली १६५८ ची मिरवणुकीची निशाणंही चर्चच्या ठेव्यात आहेत. अस्थिघराबद्दल प्रश्न ११ मध्ये.

१०. तिथला ऑर्गन एका इंग्रजाने बनवला हे खरं का?

घराणं इंग्रज, हे खरं. रॉबर्ट डॅलम हा इंग्लंडमधला नावाजलेला ऑर्गन बनवणारा, धर्माने कॅथलिक. १६४२ मध्ये तिकडे यादवी पेटली, प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळींना चर्चमधले ऑर्गन नकोच होते, तेव्हा तो कुटुंबासह ब्रिटनीत आला. गिमिल्योचा ऑर्गन त्याच्या मुलाचा, थॉमसचा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सज्जाच्या कठड्यावर तीन कोरीव पट आहेत : वीणा वाजवणारा दावीद, ऑर्गन वाजवणारी संत सेसिलिया आणि, थोडं अनपेक्षित, सिकंदराची विजययात्रा. चौदाव्या लुईच्या दरबारी चित्रकाराच्या, ल ब्रँच्या चित्रावरून ती घेतलेली आहे. राजाची चापलुसी इतक्या दूरच्या खेड्यातही पोहोचली होती.

११. अस्थिघरात अजून हाडं आहेत का? लहान मुलांना नेलं तर चालेल?

हाडं नाहीत, मुलांना खुशाल न्या. आवारातली दफनाची जागा अपुरी. जुनी थडगी उकरून नव्यांना जागा करावी लागे आणि निघालेली हाडं टाकून देता येत नसत. म्हणून अस्थिघर. गिमिल्योचं १६४८ चं, संत आन्नाच्या नावाचं, दिसायला छोटं चॅपलच. त्याच्या बाहेरच्या भिंतीला एक दगडी प्रवचनपीठ आहे. आतल्या गर्दीला नव्हे, आवारात उभ्या असलेल्यांना उद्देशून बोलण्यासाठी.

ब्रेटन मृत्युदूत आंकू, तो सांगाडा, इथे शोधू नका. तो ला रोश-मोरीसच्या अस्थिघरावर आहे, ‘मी तुम्हा सगळ्यांना मारतो’ अशा अक्षरांसह, साल १६३९. लाकडी आंकू प्लूमिल्योला आहे. त्या नावाचा घोळ प्रश्न १३ मध्ये.

१२. आम्ही गोव्याचे. आमच्याकडच्या चर्चसारखंच आहे का हे?

आतून ओळखीचं वाटेल. पिळाचे खांब, सोनेरी मुलामा, संतांच्या कोनाड्यांनी भरलेली वेदीमागची फळी, हे दोन्हीकडे आहे, आणि कारणही एकच. १५४५ ते १५६३ दरम्यान कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या धर्मसभेने ठरवलं की प्रतिमा हव्यात, आणि पुढे त्या भारून टाकणाऱ्या होत गेल्या. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा अभिषेक १६०५ चा, गिमिल्योची देवडी १६०६ ची.

बाहेरून मात्र काही जुळत नाही. बॉम जेझूमागे जेझुइट पंथ आणि पोर्तुगीज सत्ता होती, इथे कापडवाले शेतकरी. गोव्याची चर्चं लांबून दिसावीत अशी उंच दर्शनी भिंत घेऊन उभी असतात, गिमिल्योचं चर्च बसकं आहे. वाड्यावाड्यांवर खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन ही प्रार्थना म्हणायची सवय असलेल्यांना कालवरी लगेच कळते, इतरांना समजवावी लागते, एवढा फरक मी पाहिला आहे.

१३. नकाशावर गिमिल्यो, लाँपोल-गिमिल्यो, प्लूमिल्यो अशी तीन नावं येतात. एकच गाव का?

नाही, तिन्ही वेगळी. लाँपोल-गिमिल्यो शेजारचं, चारेक किलोमीटरवर. त्याचंही मोठं आवार आहे, आत सोळाव्या शतकातली रंगीत क्रूसतुळई, म्हणजे क्रूस पेलणारी आडवी तुळई, आहे, आणि १८०९ मध्ये वीज पडल्यामुळे घंटाघराचं टोक तुटकं आहे. प्लूमिल्यो मात्र शेजारच्या कोत-दार्मोर जिल्ह्यात, लानिओंजवळ. संत तोच, म्हणून नाव सारखं. मोर्बियां जिल्ह्यात प्लूमेल्यो नावाचं आणखी एक गाव आहे. गाडीच्या नकाशात नावाबरोबर ‘फिनिस्तेर’ टाका.

१४. कुठे १५८१ लिहितात, कुठे १५८८. खरं काय? आणि ही सर्वांत मोठी कालवरी का?

दोन्ही सालं दगडावरच कोरलेली आहेत. काम त्या काळात चाललं असं मानतात. ‘सर्वांत मोठी’ हे कशाने मोजता त्यावर. मूर्तींच्या संख्येत गिमिल्यो वरच्या पंक्तीत आहे, आकाराच्या भव्यतेत प्लेबेन. ‘सर्वांत जुनी’ तर नक्कीच नाही, प्रश्न ३ पाहा.

१५. तिकीट किती? चर्चची मालकी कुणाची?

आवारात आणि चर्चमध्ये जायला तिकीट नाही. दानपेटी असते.

मालकी हा गमतीचा भाग. फ्रान्समध्ये १९०५ साली राज्य आणि धर्म कायद्याने वेगळे झाले. त्याआधीच्या गावोगावच्या चर्चइमारती त्या त्या गावच्या नगरपालिकेच्या मालकीच्या ठरल्या, वापर कॅथलिक उपासनेचा. म्हणजे छप्पर गळलं तर काळजी महापौराला आणि मिसा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, धर्मगुरूची. हजार वस्तीच्या गावाला एवढा वारसा सांभाळणं एकट्याने परवडत नाही, म्हणून मोठ्या दुरुस्त्यांना राज्याचा आणि प्रांताचा पैसा लागतो. कधी तरी काही भाग परांचीआड किंवा कापडाआड झाकलेला असेल, तर कुरकुर करू नका.

१६. हे युनेस्कोच्या यादीत आहे ना?

नाही. ब्रिटनीतून २०२५ च्या जुलैमध्ये कार्नाकचे महापाषाण त्या यादीत गेले. त्याच बैठकीत आपले १२ मराठा किल्लेही गेले, म्हणून दोन्ही बातम्या एकत्र वाचलेल्यांचा गोंधळ होतो. कार्नाक मोर्बियांमध्ये, इथून बरंच दक्षिणेला, आणि कालवऱ्यांपेक्षा हजारो वर्षांनी जुनं.

१७. एका दिवसात किती आवारं होतील?

तीन. सँ-तेगोनेक, गिमिल्यो, लाँपोल-गिमिल्यो. तिन्ही एकमेकांपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. सात-आठ करणारे भेटतात. संध्याकाळी त्यांना कुठलं काय ते आठवत नाही. गिमिल्योला दोन तास ठेवा, तेही सकाळी किंवा दुपार कलल्यावर. तिरप्या उन्हात मूर्तींचे चेहरे उठतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं. सँ-तेगोनेकच्या चर्चला १९९८ मध्ये आग लागली होती, त्यानंतरची दुरुस्ती कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न करा. अवघड जातं, इतकी चांगली झाली आहे.

१८. गाडी चालवत नाही. तरी जमेल?

जमेल, पण आटापिटा आहे. पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावरून वेगवान गाडीने मोर्ले साधारण तीन तास. उतरण्याआधी गाडी शहराच्या डोक्यावरून, ५८ मीटर उंच पुलावरून जाते. खिडकी सोडू नका. पुढे लांदिविझ्योपर्यंत स्थानिक गाडी आणि तिथून टॅक्सी किंवा सायकल. गावच्या बसच्या भरवशावर राहू नका, त्या शाळेच्या वेळांवर चालतात. स्वतः चालवत असाल तर ब्रिटनीच्या जलद रस्त्यांवर टोल नाही, ही फ्रान्समधली दुर्मीळ सुखाची गोष्ट.

१९. आम्ही वसईचे कॅथलिक. रविवारी तिथे मिसा मिळेल?

दर रविवारी मिळेलच असं नाही. लेओंला एकेकाळी ‘पाद्र्यांची भूमी’ म्हणत. आता एकेका धर्मगुरूकडे अनेक गावं असतात आणि मिसा आलटून पालटून होते. चर्चच्या दाराशी महिन्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. मिसा चालू असताना आत हिंडू नये आणि फोटो काढू नयेत. एरवी फोटोला हरकत नसते, फ्लॅश तेवढा बंद ठेवा.

गावच्या संताची जत्रा, जिला तिकडे ‘पार्दों’ म्हणतात, तिच्यात निशाणं आणि मूर्ती घेऊन मिरवणूक निघते. ब्रिटनीभर त्या मुख्यतः उन्हाळ्यात असतात.

२०. तिथे ब्रेटन भाषा ऐकू येते का?

पाट्यांवर दिसेल. गावाचं ब्रेटन नाव ग्विमिल्यो, तेही वेशीवर लिहिलेलं असतं. ऐकायला मात्र म्हाताऱ्या माणसांच्या घोळक्यात जावं लागेल. ही भाषा फ्रेंचची बोली नव्हे. तिचं नातं वेल्श आणि कॉर्निशशी. शाळेत ब्रेटन बोललं म्हणून शिक्षा खाल्लेली पिढी गावागावांत होती, आणि त्यांनी मुलांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. आता ब्रेटन माध्यमाच्या शाळा आहेत.

२१. शाकाहारी माणसाने काय खायचं?

गालेत. कुट्टूच्या पिठाचं मोठं, पातळ, कुरकुरीत धिरडं. नेहमीच्या सारणात हॅम, चीज आणि अंडं असतं. ‘सां जांबों’ म्हणजे हॅम नको, असं सांगायचं, आणि मश्रूम, कांदा किंवा पालक मागायचा. अंडंही चालत नसेल तर पिठात घातलंय का ते विचारून घ्या. कुट्टूच्या पिठात काही जण घालतात, काही नाही. गव्हाच्या गोड क्रेपमध्ये मात्र असतंच. लोणी खारं असतं आणि ते हात राखून लावत नाहीत. गावात सोमवारी आणि दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद मिळण्याची शक्यता मोठी, तेव्हा लांदिविझ्योहून निघतानाच पिशवीत पाव, चीज आणि फळं टाका. आवारात बसून खाऊ नका. ती गावाची जुनी दफनभूमी आहे. बाहेरच्या बाकांवर कुणी काही म्हणत नाही.